तारा कशा जोडल्या आहेत, ते लिहायला शिकवा

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकी अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे



मी पुण्यात एम्बेडेड लिनक्सवर काम करतो. बोर्ड बनवणारे एका टेबलावर आणि ड्रायव्हर लिहिणारे दुसऱ्या टेबलावर, अशा दोघांच्या मध्ये बसून माझा दिवस जातो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडे अभ्यासक्रमांची फेरमांडणी चालू आहे. म्हणून हीच वेळ साधून एक मागणी आपल्यापुढे ठेवतो. अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी कन्व्हर्टर चिप, म्हणजे आपला एडीसी, प्रोसेसरला नेमक्या कोणत्या तारांनी जोडली आहे याचं ऑपरेटिंग सिस्टिमला वाचता येईल असं वर्णन लिहिणं हा विषय प्रयोगशाळेत आणावा.

आपल्याकडचा विद्यार्थी एडीसी पहिल्यांदा भेटतो तो बहुधा ८०५१ला जोडलेल्या एडीसी०८०८ किंवा ०८०९च्या रूपात. अठ्ठावीस पिनांची आठ बिटांची चिप. तीन पत्ता-रेषांनी आठांपैकी एक चॅनल निवडायचा, एएलईने तो पत्ता पकडून ठेवायचा, स्टार्टला पल्स द्यायची, ईओसी वर येण्याची वाट पाहायची, मग ओई वर करून आठ रेषांवरचा आकडा उचलायचा. हा प्रयोग बंद करा असं मी म्हणणार नाही. बस म्हणजे काय, कोण कोणाची वाट पाहतं, हे त्याच्याइतकं उघडं क्वचितच दुसरीकडे दिसतं.

पण त्या प्रयोगात एक गोष्ट नकळत मनात पक्की बसते. डेटा पोर्ट १वर आहे, ईओसी पोर्ट ३च्या अमुक पिनवर आहे, ही माहिती प्रोग्रामच्या आतच लिहिलेली असते. एक बोर्ड, एक प्रोग्राम, तोपर्यंत काही अडत नाही. हाच विद्यार्थी नोकरीला लागतो तेव्हा त्याच्यासमोर लिनक्स असतं आणि एकच ड्रायव्हर वेगवेगळ्या कंपन्यांच्या कित्येक बोर्डांवर चालवायचा असतो. प्रत्येक बोर्डावर चिप तीच आणि तारा निराळ्या. तारांची माहिती ड्रायव्हरमध्ये कोंबली तर बोर्डागणिक ड्रायव्हर बदलावा लागेल. म्हणून ती बाहेर, डिव्हाइस ट्री नावाच्या फायलीत लिहितात.

ही कल्पना लिनक्सची नाही. ती ओपन फर्मवेअरमधून आली, ज्याचं आयट्रिपलई १२७५ हे मानक १९९४चं. पॉवरपीसीच्या जगात ती आधीच रुळली होती. एआरएमवर मात्र प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेतली एक फाइल घालायची पद्धत होती आणि अशा फायलींचा ढीग एवढा वाढला की २०११मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएम डिव्हाइस ट्रीकडे वळलं. आज यू-बूट, झेफर, फ्रीबीएसडी यांनाही ही भाषा कळते. कोणत्या चिपचं वर्णन कसं लिहायचं याचे नियम, ज्यांना बाइंडिंग म्हणतात, आता यॅमलमध्ये लिहिले जातात आणि लिहिलेली फाइल त्या नियमांत बसते का हे यंत्राकडून तपासून घेता येतं.

एक चिप जवळून दाखवतो. अ‍ॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीचा एडी७६०६. सोळा बिटांचे आठ चॅनल, आठही एकाच क्षणी नमुना घेतात, सेकंदाला २ लाख वेळा. तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणाचे हवे असतात, म्हणून वीजवाहिन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणांत आणि संरक्षण रिलेंमध्ये ही चिप वापरतात. तिच्यावर पीएआर/एसईआर/बाइट सिलेक्ट अशी एक पिन आहे. ती खाली धरली तर चिप सोळा समांतर रेषांवर बोलते. वर धरली तर त्याच रेषांपैकी डीबी७ आणि डीबी८ या डाउट-ए आणि डाउट-बी होतात आणि चिप सिरियल बोलू लागते. आणखी एक पिन वर केली की आठ-आठ बिटांच्या दोन हप्त्यांत समांतर बोलते. एकाच चिपची ही तीन तोंडं आहेत आणि त्यातलं कोणतं वापरायचं हे बोर्ड काढणाऱ्याने कागदावरच ठरवून टाकलेलं असतं. सॉफ्टवेअरला ते बदलता येत नाही, फक्त माहीत असावं लागतं.

डिव्हाइस ट्रीमध्ये ही माहिती बरीचशी जागेवरून कळते. चिपची नोंद एसपीआय कंट्रोलरच्या पोटात केली की ती सिरियल. मेमरीतला पत्ता देऊन समांतर बसवर केली की समांतर. मध्ये एफपीजीए असेल आणि आकडे तोच गोळा करत असेल, तर नोंदीत त्या एफपीजीएतल्या ब्लॉककडे बोट दाखवणारा आयओ-बॅकएंड्स हा गुणधर्म येतो. लिनक्समध्ये या चिपचा ड्रायव्हर २०११पासून आहे, आधी स्टेजिंग विभागात आणि पुढे मुख्य कर्नलमध्ये. त्याची रचनाही अशीच आहे: चिपचं वागणं एका फायलीत, एसपीआयचं वाचन दुसऱ्या, समांतर वाचन तिसऱ्या. विद्यार्थ्याने या तीन फायली शेजारी ठेवून एकदा वाचल्या, तरी चिप आणि बस या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्याच्या जे ध्यानात येईल, ते कितीही व्याख्यानांनी येणार नाही.

इथे थोडं गणित करावं लागतं आणि ते विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखं आहे. आठ चॅनल, सोळा बिट, सेकंदाला २ लाख नमुने. गुणाकार केला की सेकंदाला २ कोटी ५६ लाख बिट होतात. एकाच सिरियल तारेवर ते न्यायचे तर घड्याळ किमान २५.६ मेगाहर्ट्झ लागेल, आणि ३.३ व्होल्टवर या चिपची सिरियल घड्याळाची मर्यादा त्याहून खाली आहे. म्हणजे बोर्डावर फक्त डाउट-ए जोडली असेल तर पूर्ण वेग कधीच मिळणार नाही. डाउट-बीही जोडली तर प्रत्येक तारेवर चारच चॅनल येतात आणि काम निम्मं होतं. यातली कोणती तार बोर्डावर आहे, हे ड्रायव्हरला सांगितल्याशिवाय कळणार कसं? दोन्ही तारा असलेल्या आणि एकच असलेल्या बोर्डांवर चिपचं नाव एकच असतं. फरक पडतो तो तारांनी, म्हणून वर्णनात तार यायला हवी.

घड्याळाचंही तसंच. एसपीआयमध्ये दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: घड्याळ शांत असताना वर असतं की खाली, आणि बिट कोणत्या कडेला वाचायचा. एडी७६०६चं घड्याळ शांत असताना वर असतं, बिट वर जाणाऱ्या कडेला बाहेर पडतो आणि खाली येणाऱ्या कडेला वाचायचा असतो. म्हणजे सीपीओएल एक, सीपीएचए शून्य. लिनक्समधल्या या चिपच्या बाइंडिंगमध्ये मात्र सीपीएचए एक असण्याची अटही सक्तीची होती आणि नमुन्यादाखल दिलेल्या नोंदीतही ती होती. २०२४मध्ये डेटाशीटमधल्या आकृत्या नीट पाहून ती दुरुस्त झाली. त्या नमुन्यावरून ज्यांनी आपली फाइल लिहिली, त्यांच्या बोर्डावर बिट नेमका बदलत असतानाच्या कडेला वाचला जात होता. असा बोर्ड टेबलावर चालला, तरी कारखान्यात गरम झाला की एक बिट सरकलेले आकडे देऊ शकतो. असा दोष सापडायला दिवसच्या दिवस जातात आणि शेवटी तो एका शब्दाचा निघतो. डेटाशीटमधली टायमिंगची आकृती वाचून हे दोन बिट ठरवता येणं ही साधी, शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पदवीधरांपैकी बहुतेकांना एसपीआयचे चार मोड तोंडपाठ येतात. समोर आकृती ठेवून हा कोणता मोड असं विचारलं की थांबतात.

आता थेट जमिनीला किंवा व्होल्टेजला बांधून टाकलेल्या पिनांबद्दल, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

एडी७६०६वर रेंज नावाची पिन आहे. ती खाली असेल तर चिप उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट मोजते, वर असेल तर उणे १० ते अधिक १०. पहिल्या बाबतीत एक पायरी सुमारे १५२ मायक्रोव्होल्टची, दुसऱ्यात ३०५ची. पिन प्रोसेसरला जोडली असेल तर वर्णनात तिची जीपीआयओ येते आणि ड्रायव्हर ती हलवतो. वर्णनात काहीच नसेल तर ड्रायव्हर पिन खाली बांधली आहे असं धरतो. एका बोर्डावर ही पिन रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजला बांधलेली होती. स्कीमॅटिकमध्ये ते स्पष्ट होतं, वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. पडद्यावर २३० व्होल्टच्या जागी ११५ येत होते, अगदी निम्मे. डेमो दुसऱ्या दिवशी होता, म्हणून कोणीतरी अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोनने गुणलं आणि काम निभावलं. पुढच्या आवृत्तीत बोर्ड काढणाऱ्याने ती पिन जमिनीला नेली. त्याने बरोबरच केलं होतं, पण आता ड्रायव्हर बरोबर आकडे देत होता आणि वरचं गुणिले दोन कोणालाच आठवत नव्हतं. पॅनेलवर दुप्पट व्होल्टेज दिसू लागलं आणि अतिव्होल्टेजच्या सूचना येऊ लागल्या. यात बेफिकीर कोणीच नव्हतं. बोर्डावरची एक वस्तुस्थिती तिच्या जागी लिहिलेली नव्हती, म्हणून ती चुकीच्या जागी जाऊन बसली.

हे नीट कसं लिहावं याचा एक आदर्श वाटावा असा नमुना आज कर्नलमध्ये आहे. एडी७९४४, एडी७९८५, एडी७९८६ या अनुक्रमे चौदा, सोळा आणि अठरा बिटांच्या वेगवान चिपांचं बाइंडिंग. यांच्यावर टर्बो नावाची पिन आहे. बाइंडिंग तिच्या तिन्ही शक्यता सांगतं. प्रोसेसरला जोडली असेल तर टर्बो-जीपीआयओज लिहा. कायमची वर बांधली असेल तर ऑलवेज-टर्बो लिहा. दोन्ही नसतील तर ती कायमची खाली बांधली आहे असं समजलं जाईल. वाचणाऱ्याला काही गृहीत धरायची गरज उरत नाही, कारण काहीच न लिहिण्याचा अर्थसुद्धा लिहून ठेवला आहे.

त्याच बाइंडिंगमध्ये जोडणीची पद्धतही आहे. या चिपा तीन तऱ्हांनी जोडता येतात. एकाच बसवर अनेक चिपा असतील तर नेहमीची चार तारांची. बसवर एकटीच असेल तर एसडीआय पिन व्हीआयओला बांधून तीन तारांची. आणि एकीची एसडीओ दुसरीच्या एसडीआयला अशी साखळी, जिच्यात सगळ्या चिपांच्या सीएनव्ही पिना एकत्र असतात आणि प्रोसेसर सगळ्यांचे आकडे एका मोठ्या सलग वाचनात घेतो. डेटाशीटमधल्या तीन तारांच्या पद्धतीचा, एसपीआयमध्ये आधीपासून असलेल्या एसपीआय-थ्रीवायर या गुणधर्माशी काही संबंध नाही. तिथे येणारा आणि जाणारा डेटा एकाच तारेवर असतो. हा घोटाळा होणार हे ओळखून बाइंडिंग लिहिणाऱ्यांनी या पद्धतीला सिंगल असं नाव दिलं आणि दोन्हींचा संबंध नाही अशी टीपही घातली. पुढच्या माणसाचे किती तास वाचले असतील त्या एका टिपेने!

कर्नलमध्ये बाइंडिंग लिहिण्याचा एक नियम आहे. तो मला सगळ्या अभियांत्रिकीतल्या चांगल्या नियमांपैकी एक वाटतो. वर्णन हार्डवेअरचं करा. ड्रायव्हरला आज काय येतं, काय येत नाही, याचा त्यात संबंध आणू नका. ड्रायव्हर एखादी पिन वापरत नसला तरी ती जोडलेली असेल तर लिहा. शेताच्या मोजणीच्या नकाशात बांध आणि विहीर दाखवतात, यंदा पेरणी कशाची आहे ते दाखवत नाहीत, तसंच हे. ड्रायव्हर दर काही महिन्यांनी सुधारतो. बोर्ड मात्र एकदा सोल्डर झाला की दहा-पंधरा वर्षं सबस्टेशनच्या पेटीत तसाच बसतो. त्या बोर्डाबरोबर गेलेली फाइल पुढच्या कर्नललाही समजली पाहिजे. म्हणून बाइंडिंगला कायमच्या कराराइतकं पवित्र मानतात.

या नियमाचा फायदा गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष दिसतो आहे. सेकंदाला २ लाख नमुने म्हणजे दोन नमुन्यांत ५ मायक्रोसेकंद. दर नमुन्याला प्रोसेसरला इंटरप्ट देऊन हे निभत नाही. चिप त्याहून वेगवान असेल तर मुळीच नाही. मग काम हार्डवेअरकडे सोपवावं लागतं. २०२४मध्ये आयआयओ या कर्नलमधल्या सेन्सर-कन्व्हर्टर विभागात बॅकएंडची सोय आली, तिच्यामुळे एफपीजीएतला ब्लॉक चिपशी बोलतो आणि आकडे थेट मेमरीत जातात. २०२५मध्ये एसपीआय ऑफलोड आलं, ज्यात एका ट्रिगरवर एसपीआय कंट्रोलरच ठरलेली देवघेव प्रोसेसरला न उठवता पुन्हा पुन्हा करतो. कन्व्हर्जन सुरू करणारी पल्स सॉफ्टवेअरऐवजी पीडब्ल्यूएममधून येऊ लागली, म्हणजे नमुन्यांमधलं अंतर डळमळत नाही. आयआयओची सुरुवात २००९मधली. तेव्हा यातलं काही नव्हतं. तरीही तारांचं वर्णन खरं आणि पुरेसं असलेल्या बोर्डाला नवी सोय मिळाली तर फारशी तोडफोड लागत नाही.

आपल्याकडून मला जे हवं आहे ते खर्चाच्या दृष्टीने अगदी लहान आहे. एडी७६०६चे बोर्ड घ्या असं मी म्हणत नाही. बहुतेक महाविद्यालयांत रास्पबेरी पाय असतोच. त्याला मायक्रोचिपचा एमसीपी३००८ जोडा: दहा बिट, आठ चॅनल, एसपीआय, ब्रेडबोर्डवर बसणारी चिप. हिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये तयार आहे. विद्यार्थ्याला स्कीमॅटिक आणि डेटाशीट द्या, डिव्हाइस ट्रीची तयार फाइल (ओव्हरले) देऊ नका. चिप कोणत्या कंट्रोलरवर आहे, चिप-सिलेक्ट कितवा, घड्याळ किती, संदर्भ व्होल्टेज कुठून येतं, हे त्याने स्वतः लिहावं. मग १.६५ व्होल्ट द्या आणि आयआयओच्या फायलीतून कच्चा आकडा आणि स्केल वाचायला लावा. ३.३ व्होल्टच्या संदर्भावर कच्चा आकडा ५१२च्या आसपास येईल. आता संदर्भ ५ व्होल्टचा आहे असं वर्णनात मुद्दाम लिहायला सांगा. कच्चा आकडा तोच राहील आणि उत्तर २.५ व्होल्ट येईल. एकही तार हललेली नाही, ड्रायव्हरची एकही ओळ बदललेली नाही, तरी मोजमाप चुकलं. हा एक तास विद्यार्थी विसरणार नाही.

परीक्षेतही थोडा बदल हवा. पिन डायग्राम काढा, या प्रश्नाच्या जागी एक स्कीमॅटिक आणि त्याची चुकीची नोंद द्या आणि चुका शोधायला सांगा. तपासायला सोपं, पाठ करून येणार नाही असं. तोंडी परीक्षेत ही पिन कुठे बांधली आहे आणि ते कुठे लिहिलंस, एवढे दोन प्रश्न पुरेत.

अध्यापकांना हा विषय नवा असेल तर त्यांच्या प्रशिक्षणाची सोय आपल्या राज्यात आहे. पुण्यातल्या सी-डॅकमध्ये एम्बेडेड प्रणालींची पदव्युत्तर पदविका कित्येक वर्षं चालते. शिवाय कर्नलमधली सगळी बाइंडिंग्ज, सगळे ड्रायव्हर, त्यांवर झालेल्या दुरुस्त्या आणि त्या दुरुस्त्यांची कारणं खुली आहेत. पाठ्यपुस्तक छापून येण्याची वाट पाहायला नको. एखाद्या हुशार विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून अशा चिपचं बाइंडिंग लिहायला द्या, जिचा ड्रायव्हर अजून कर्नलमध्ये नाही. जगभरातले जाणकार त्याचं काम उघडपणे तपासतील, दहा शंका काढतील, परत पाठवतील. त्या शंकांना उत्तरं देताना त्याला डेटाशीट खऱ्या अर्थाने वाचावं लागेल आणि त्याचं काम मान्य झालं तर ते जगातल्या सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

पुणे-पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात मीटर, रिले, मोटर ड्राइव्ह, चाचणी उपकरणं बनवणारे कारखाने आहेत. त्यांच्या बोर्डांवर लिनक्स येऊन बराच काळ झाला. तिथे लागणारं हे कौशल्य आज प्रत्येकजण नोकरीत, दुसऱ्याच्या चुकांवरून शिकतो आहे. अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत एम्बेडेड सिस्टिम्सच्या प्रयोगांची यादी समोर येईल, तेव्हा तिच्यात या एका प्रयोगाला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती. प्रयोगाची रूपरेषा आणि तपासणीची फाइल तयार करून देण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्यासारखे आणखी बरेच जण त्यासाठी वेळ देतील.

आपला,
एक एम्बेडेड अभियंता
पुणे